तात्यासाहेब सुरीनामला जातात

तात्यासाहेब ठोंबऱ्यांनी फिरायला जाण्यासाठी सुरीनाम हा देश निवडला, कारण त्यांचे चुलतभाऊ आप्पासाहेब तिथं गेलेले नव्हते. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

बिडकीनच्या शिवारातली दोघांची जमीन एकाच वर्षी कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि दोघांच्या दारात एकाच महिन्यात मोठ्या पांढऱ्या गाड्या उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांनी पाण्याचे सहा टँकर घेतले. तात्यासाहेबांनी संभाजीनगर शहरात, बीड बायपासच्या पलीकडं, नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि त्याला कुलूप लावून टाकलं. इथवर बरोबरी होती. मग आप्पासाहेब बायकोला घेऊन सिंगापूरला जाऊन आले. चौकात त्यांचा विमानाच्या शिडीवरचा फोटो लागला, आणि तेव्हापासून कुणाच्या दहाव्याला गेले तरी आप्पासाहेब 'आमच्या शिंगापूरला' म्हणूनच तोंड उघडायला लागले. रस्त्यात कुणी थुंकलं की ते त्याला थांबवून शिंगापूरचा दंड सांगायचे, आणि सांगून झालं की स्वतःच्या तोंडातली तंबाखू बाजूला थुंकून पुढं चालू लागायचे.

तात्यासाहेबांनी हे दोन वर्षं सोसलं. मग आप्पासाहेब दिवाळीत युरोपला जाणार अशी बातमी कानावर आली आणि त्यांना जेवण जाईना. एप्रिलच्या एका सकाळी बायकोला, वच्छलाबाईंना, गाडीत घालून ते शहरात जालना रोडवरच्या 'सँडी हॉलिडेज'मध्ये शिरले.

सँडी म्हणजे फुलंब्रीचा सांडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हे तरी टिकावं या आशेनं आईनं ठेवलेलं ते नाव. तो टिकला, नाव मात्र त्यानं टिकवलं नाही. भिंतीवर त्यानं आयफेल टॉवर, पिरॅमिड आणि बर्फाचे डोंगर लावले होते. स्वतः तो गोव्याच्या पलीकडं गेलेला नव्हता.

"दुबई करू या काका?" सांडूनं विचारलं.

"दुबईला बिडकीनचे सतरा जण गेलेत."

"मग थायलंड?"

"तिथं गेलेला माणूस घरी सांगत नाय. मंग उपेग काय जाऊन?"

"युरोप?"

"दिवाळीत आप्पा चाललाय. मला आसा देश दे, जिथं आपल्या तालुक्यातलं कुत्रंबी गेलं नसंल. आन् दिवाळीच्या आत."

सांडूनं फोनवर बोटं फिरवली. जूनमध्ये स्वस्त काय आहे ते तो बघत होता, पण चेहरा असा केला होता की जणू तात्यासाहेबांच्या पत्रिकेतले ग्रह बघतो आहे.

"साऊथ अमेरिका," तो म्हणाला. "सुरीनाम. काका, तालुका सोडा, अख्ख्या मराठवाड्यातून मी आजवर एक माणूस पाठवला नाही. आणि तिथं लोक हिंदी बोलतात."

"अमेरिकेत हिंदी?"

"साऊथ ना काका. साऊथ अमेरिका."

'अमेरिका' हा शब्द ऐकल्यावर तात्यासाहेबांना पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही. वच्छलाबाई मात्र खुर्चीत पुढं सरकल्या. तीस वर्षं त्यांनी कापूस आणि मोसंबी केली होती. जमीन गेल्यापासून हाताला काम नव्हतं, पण डोकं अजून शेतावरच जात होतं.

"तिथं पाऊस कव्हा आसतो?" त्यांनी विचारलं.

"मावशी, त्याला आम्ही ग्रीन सीझन म्हणतो."

"कव्हा आसतो पण?"

"एप्रिल एंड ते ऑगस्ट."

"आन् आमी जायचं जूनात. म्हंजी भर पावसाळ्यात."

"ग्रीन सीझनमध्ये."

"आरं लेकरा, वरून पाणी पडतं का नाय, तेवढं सांग."

"पडतं मावशी. पण वातावरण एकदम फ्रेश असतं. गर्दी नसते."

"गर्दी नसायला कारण आसंल ना काही," वच्छलाबाई म्हणाल्या. तात्यासाहेबांनी त्यांना हातानं गप्प केलं. पावसाची भीती बिडकीनच्या माणसाला दाखवतो का, असं म्हणून ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी सही ठोकली.

पुढचा महिनाभर दोघांनी आपापल्या परीनं तयारी केली. तात्यासाहेबांनी गुलमंडीवरून तीन तुकड्यांचा सूट शिवून घेतला आणि बांधलेला फेटा न मोडता नेता यावा म्हणून पत्र्याचा डबा करवला. देशाबद्दल त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. राजधानीचं नाव एकदा सांडूकडून ऐकलं, ते 'पारामारिबो' होतं. ते त्यांना 'परमार बाबू' असं लक्षात राहिलं.

वच्छलाबाईंनी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला धरून फोनवरचं वाचून घेतलं. नदी किती रुंद, होडीला छत असतं का, डास कधी चावतात, ओले कपडे वाळायला ऊन किती वेळ मिळतं. त्यांनी रबरी चपलांचे दोन जोड आणले आणि न्हाणीत साबणाचं पाणी ओतून कुठला घसरतो ते बघितलं. घरापुढून मेंढरं घेऊन जाणाऱ्या मुंजाबाला थांबवून त्यांनी विचारलं, "भर पावसात म्हैना म्हैना चालतो तू. पायाला चिखल्या होत नाहीत?"

मुंजाबानं विचार केला. "वल्ल्या पायानं झोपायचं नाय. चिंध्याचा एक कोरडा जोड गळ्यात बांधायचा. कितीबी पाणी पडू द्या, त्यो पायात घालायचा नाय, झोपताना घालायचा." मग म्हणाला, "कुठं निघाल्या?"

"सुरीनामला."

"बरं हाय. पुण्य लागंल."

हा घोटाळा एकट्या मुंजाबाचा नव्हता. निम्म्या गावानं 'सुरीनाम' ऐकलं ते हरिनाम म्हणून. तात्यासाहेबांनी इतके पैसे घालून कुठंतरी हरिनाम सप्ताह धरलाय आणि तोही परदेशात, याचं भजनी मंडळाला फार कौतुक वाटलं. मंडळानं नारळ आणि दोन झांजा आणून दिल्या. तात्यासाहेबांनी गैरसमज दूर केला नाही. नारळ घेतला, झांजाही घेतल्या.

सत्कार मेच्या दहा तारखेला झाला. निघायला अजून एक महिना होता, पण जूनमध्ये शाळा, पेरण्या सुरू आणि लग्नं संपलेली, माणसं कुठून जमणार? चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तात्यासाहेब सूट आणि फेटा घालून उभे होते, मागं एक धबधबा होता, आणि वर लिहिलं होतं 'दक्षिण अमेरिका दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आप्पासाहेब हार घालायला आले. हार घालताना कानात म्हणाले, "तात्या, दक्षिण कामून? उत्तरंला जागा नव्हती का?"

तात्यासाहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली.

तेरा तारखेला सांडूचा फोन आला. तिकडं पीतज्वर असतो. त्याची लस टोचून पिवळं कार्ड घ्यावं लागतं. कार्डाशिवाय गेलात तर परत येताना मुंबईला विमानतळावरूनच उचलून सहा दिवस वेगळं कोंडून ठेवतात.

"कोंडून? मला? लोकं हार घेऊन उभी आसतील तव्हा?"

"म्हणून तर सांगतो काका. लस घ्या."

दोघं लस घ्यायला मुंबईला गेले. केंद्रावर एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं वच्छलाबाईंचा पासपोर्ट बघितला, सत्तावन्न वर्षं, काही आजार नाही. दंडावर सुई टोचली आणि कार्डावर शिक्का मारला. मग तिनं तात्यासाहेबांचा पासपोर्ट उघडला आणि एकदा त्यांच्याकडं, एकदा पासपोर्टाकडं बघितलं.

"आजोबा, तब्येत छान ठेवलीये तुम्ही."

आजोबा? तात्यासाहेबांनी मागं वळून बघितलं.

"पण सत्त्याहत्तर वर्षं वय म्हणजे ही लस पहिल्यांदा देता येणार नाही. साठीनंतरच आम्ही दहादा विचार करतो. जिवावर बेतू शकतं."

आता हे सत्त्याहत्तर कुठून आलं ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बिडकीनमध्ये आधार दुरुस्तीचं एक शिबिर आलं, आणि त्या एका आठवड्यात गावातले बरेचसे पुरुष बारा-पंधरा वर्षांनी म्हातारे झाले. तात्यासाहेबांच्या दारात मोठी गाडी उभी होती, पण फुकट ते फुकट. ते गाडी झाकून ठेवायचे आणि एसटीनं पैठणला जायचे, संभाजीनगरला जायचे, काही काम नसलं तर नुसते जाऊन परत यायचे. बायकांना तसंही वय न बघता अर्धं तिकीट, म्हणून वच्छलाबाईंचं वय कागदावर खरं राहिलं होतं. पासपोर्ट निघाला तो त्याच आधारवरून.

"बाई," तात्यासाहेब आवाज उतरवून म्हणाले, "मी बासष्टचाच हाय."

"म्हणजे बासष्ट सालचा जन्म?"

"साल बी बासष्ट, वय बी बासष्ट."

"मग पासपोर्टवर सत्तेचाळीस साल कसं?"

रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती. डॉक्टरीण म्हणाली, "दोनांतली एक तारीख खोटी आहे. पासपोर्टवर खोटी तारीख लिहून दिली असेल, तर तो गुन्हा आहे. मी लिहून ठेवू का तसं?"

"नको नको," तात्यासाहेब म्हणाले. "सत्त्याहत्तरच. म्हातारपणात इसरायला होतं."

दोघं परतीच्या गाडीत बसले. नाशिक मागं पडल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "ऐकलं का. दोनी तिकिटं वापस करू. गावाला सांगू, तिकडं दंगल झाली."

"कुणाच्या देशात दंगल लावता?" वच्छलाबाई म्हणाल्या. "आन् माहं तिकीट कामून वापस?"

"मंग यकटी जाती का?"

"आवडाला घेते."

आवडाबाई म्हणजे वच्छलाबाईंची धाकटी बहीण, सोयगावची, अंगणवाडीतली नोकरी सोडलेली. तिचा मुलगा मस्कतला होता. आईला घेऊन जातो म्हणून त्यानं तिचा पासपोर्ट काढवला, त्याला चार वर्षं झाली. पासपोर्ट ट्रंकेत होता आणि मुलगा मस्कतला. वच्छलाबाईंनी फोन लावला तेव्हा आवडाबाईंनी एवढंच विचारलं, "सुई लई दुखती का?"

तात्यासाहेब हबकले. घरात असलं काही आजवर झालं नव्हतं. पण त्यांच्या लक्षात आलं की बायको गेली तर निदान सुरीनाम जाईल, आणि आपण तिच्यासोबत गेलो नाही हे गावाला कळायचं काही कारण नाही. त्यांनी आवडाबाईंचं नाव गावात फुटू दिलं नाही. जूनच्या आठ तारखेला सूट घालून, फेट्याचा डबा मांडीवर घेऊन, ते वच्छलाबाईंसोबत चौकातून गाडीत बसले. ढोल वाजला. भजनी मंडळानं गजर केला. शहरात पोहोचल्यावर बायकोला स्टेशनवर आवडाबाईंच्या हवाली केलं, ड्रायव्हरला गप्प राहायची शपथ घालून सुटीवर पाठवलं, आणि स्वतः बीड बायपासच्या पलीकडच्या फ्लॅटचं कुलूप उघडून आत शिरले. दहा दिवस तिथं राहायचं. त्या दहा दिवसांत ते सुरीनामला असणार होते.

फ्लॅटमध्ये एक खाट होती, एक पंखा होता आणि गॅसची शेगडी. नळ होते, पण नळांना पाणी नव्हतं. त्या सगळ्या वसाहतीत अजून पाण्याची लाइन आलीच नव्हती, सारा कारभार टँकरवर. फ्लॅट घेताना तात्यासाहेबांनी इमारतीची उंची विचारली होती, पाणी विचारलं नव्हतं.

दोघी बहिणी आम्स्टरडॅमला विमान बदलून सुखरूप पोहोचल्या. विमानतळावर चाकाच्या खुर्च्या मागा, तिथली माणसंच तुम्हाला ढकलत पुढच्या विमानात बसवतात, वाट चुकायची भानगड नाही, हे मात्र सांडूनं खरं सांगितलं होतं. रोज तीन मैल चालणाऱ्या आवडाबाई पायावर शाल घेऊन, डोळे मिटून, आजारी चेहऱ्यानं खुर्चीत बसल्या आणि विमानात शिरताच वरच्या कप्प्यात स्वतःची बॅग चढवून मोकळ्या झाल्या.

रोज संध्याकाळी साडेसहाला वच्छलाबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. तिथं तेव्हा सकाळचे दहा असायचे आणि पाऊस पडत असायचा. त्या पत्र्याखाली उभ्या राहून बोलायच्या, मागं पांढरा पडदा लागल्यासारखं पाणी दिसायचं.

"ऐकू येतं का? आज होडीतून गेलो. चार तास. वरून पाणी, खालून पाणी. आवडा म्हणती, आता मासळीच व्हायची राहिली."

"फोटो पाठव," तात्यासाहेब म्हणायचे. "उजवीकडं जागा सोडून काढ. मह्यासाठी."

ते फोटो सांडूकडं जायचे. तात्यासाहेब भर दुपारी गच्चीवर जाऊन, एक्केचाळीस अंशांच्या उन्हात रेनकोट घालून, स्वतःचा फोटो काढायचे. सांडू तो उजवीकडच्या जागेत बसवायचा. मग तात्यासाहेब तो स्टेटसला टाकायचे. फोटोत सगळे पावसानं भिजलेले असायचे आणि तात्यासाहेब घामानं.

पाचव्या दिवशी येताना सोबत आणलेल्या जारमधलं पाणी संपलं. तोंडाला उपरणं गुंडाळून, लुंगी नेसून, दोन बादल्या घेऊन ते खाली उतरले. टँकर आला होता, आणि पाइपाभोवती झोंबाझोंबी चालली होती. एका बाईनं त्यांची बादली पायानं सरकवून आपली घागर लावली. तात्यासाहेबांचा तोल गेला.

"ओ बाई! आमच्या बिडकीनला आसली दंडेली चालत नाय!"

टँकरवर बसलेला ड्रायव्हर झटकन खाली वाकला. "तात्या?"

तो कारभारी होता. आप्पासाहेबांच्या सहा टँकरांपैकी तिसऱ्याचा ड्रायव्हर. बिडकीनचाच, तात्यासाहेबांच्या गल्लीतला.

"तात्या, आवो तुमी तर सुरीनामला..."

"आलो," तात्यासाहेब म्हणाले. "जरा लवकर आलो."

"आन् काकू?"

"ती येती मागून."

कारभारीनं त्यांच्याकडं बघितलं, बादल्यांकडं बघितलं. मग पाइप ओढून दोन्ही बादल्या काठोकाठ भरून दिल्या. तात्यासाहेबांनी त्याला आईची शपथ घातली. कारभारीनं शपथ घेतली आणि संध्याकाळी टँकर लावायला गेला तेव्हा मालकाला सगळं सांगितलं. आईची शपथ त्यानं वसाहतीपुरती घेतली होती, असं तो नंतर म्हणाला.

आप्पासाहेबांनी गवगवा केला नाही, वहिनींसोबत कोण गेलंय ते मात्र सोयगावला फोन लावून काढून घेतलं. हातात आलेलं लगेच खाऊन टाकणारा माणूस तो नव्हे. दुसऱ्या दिवसापासून त्या इमारतीला रोज एक टँकर फुकट यायला लागला. कुणी विचारलं तर कारभारी सांगायचा, "मालकाचा एक पाव्हणा उतरलाय इथं. परदेशातून." गावात मात्र आप्पासाहेबांनी हळूच एकेकाला जवळ घेऊन सांगितलं, आणि प्रत्येकाला बजावलं की चेहरा सरळ ठेवायचा.

दहाव्या दिवशी दोघी बहिणी परतल्या. आवडाबाई सोयगावला जाणार होत्या, पण आप्पासाहेबांचा फोन आला, की वहिनींच्या बहिणीलाही घेऊन या, मारुतीच्या मंडपात कार्यक्रम ठेवलाय. आपली बहीण सोबत आहे हे यांना कसं ठाऊक, हा प्रश्न वच्छलाबाईंच्या मनात आला. तात्यासाहेबांच्या मनात आला नाही. त्यांनी स्टेशनवरच सूट चढवला.

मंडप संध्याकाळी पाचलाच भरला होता. सांडूलाही बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आप्पासाहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, माइक दिला आणि म्हणाले, "आता तात्या आपल्याला त्या देशाचं सगळं सांगतील. ज्याला जे इचारायचं ते इचारा."

पहिला प्रश्न आला, "तात्या, पाऊस किती व्हता?"

"लई. गुडघाभर."

"पाण्याची काई अडचण?"

"छे! पाणीच पाणी."

"टँकर लागत नसंल मंग तिथं," मागून कुणीतरी म्हणालं. बायकांच्या बाजूला कुणाचा तरी पदर तोंडात गेला. तात्यासाहेबांना काही समजलं नाही. त्यांना रंग चढला होता.

"समुद्र कसा हाय तात्या?"

"निळाशार! फोटूत आसतो ना, आगदी तसा."

"निळा नाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या मागं खुर्चीत बसून बोलल्या होत्या, पण माइकनं ते पकडलं. तात्यासाहेबांनी घसा खाकरला.

"म्हंजी थोडा हिरवट. आन् तिथले डोंगर..."

"राजधानीला डोंगर कुठंय? सपाट हाय सगळं. आन् समुद्र चिखलावानी तांबडा हाय, नद्यांचा गाळ येतो म्हणून." वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या. खोटं बोलण्याची चीड त्यांना आली असती तर ती दहा दिवस आधीच आली असती. पण पावसात चार तास होडीत बसून, दोनदा घसरून आणि एकदा पोटभर रडून त्यांनी जो देश बघितला होता, त्याला कुणी डोंगर चिकटवावेत, हे त्यांना बघवेना. "द्या तो माइक इकडं."

तात्यासाहेबांनी माइक दिला. न देऊन करतात काय.

"हे आले नव्हते," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते तुमाला सगळ्यांला ठाऊक दिसतंय. मी आन् आवडा गेलो व्हतो. आप्पा भाऊजी, हसू नका. शिंगापूरला पोट बिघडून तीन दिवस तुमी हाटेलाच्या पलंगावर व्हते, ते सरूबाईनं मला कव्हाच सांगितलंय."

सरूबाई, आप्पासाहेबांच्या बायको, शेजारी बसून वर छताकडं बघायला लागल्या. हशा झाला, पण तो मघाच्या हशासारखा नव्हता, कारण आता कुणाची पाळी कधी येईल याचा नेम राहिला नव्हता.

"तिथं एक म्हातारी भेटली," वच्छलाबाई सांगू लागल्या. "तिचं बोलणं आपल्याला समजतं. थोडं हिंदी, थोडं कायतरी येगळं. तिची पणजी हिकडून गेलेली, दीडशे वरसं झाली. गोऱ्यांच्या उसाच्या मळ्यात राबायला माणसं पाह्यजे व्हती. तव्हाचे एजंट गावोगाव फिरायचे. सांगायचे, श्रीरामाच्या मुलखात न्हेतो, श्रीराम टापू म्हणत्यात त्याला, कलकत्त्याच्या जरा पलीकडंच हाय. हलकं काम हाय, साखर चाळायची. बिचाऱ्यांनी सुरीनामचं श्रीराम ऐकलं आन् जहाजात चढली. तीन म्हैने पाणीच पाणी. उतरली तर पाऊस आन् ऊस. वापस कोण येतंय?" त्यांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. "सांडू, तव्हाबी एजंटांनी त्यान्ला ग्रीन सीझनच सांगितला आसंल."

सांडू फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"मला म्हातारी म्हणली, तुमाला कुणी फशिवलं? मी म्हणलं, आमाला नाय फशिवलं, आमी पैसे देऊन आलोत. तर ती लई हसली. तिनं भात, डाळ आन् केळ्याचे तळलेले काप खाऊ घातले, आन् आमचे वले कपडे चुलीवर वाळवून दिले."

आता प्रश्न बायकांच्या बाजूनं यायला लागले, आणि ते खरे होते. साळूबाईंनी विचारलं, एवढ्या पावसात सरपण कसं कोरडं ठेवतात. सारजाबाईंनी विचारलं, लग्नात हळद लावतात का. आवडाबाईंनी उठून चाकाच्या खुर्चीत कसं बसायचं, मान कुठल्या बाजूला टाकायची, ते करून दाखवलं. आप्पासाहेबांनी आभार मानायला दोनदा माइक मागितला, दोन्ही वेळा कुणीतरी त्यांना खाली बसवलं. पुरुष एकेक करून पान खायच्या निमित्तानं उठले. सांडू उठला तेव्हा त्याला दारातच तिघींनी गाठलं. नोव्हेंबरात तिकडं पाऊस नसतो म्हणे, तर तेव्हाचं काय? सांडू 'बघतो, बघतो' म्हणाला. खरं सांगायचं तर 'सँडी हॉलिडेज'ला त्या एका संध्याकाळी जेवढी गिऱ्हाइकं मिळाली, तेवढी त्या आयफेल टॉवरनं कधी दिली नव्हती.

तात्यासाहेब सूट घालून व्यासपीठाच्या कडेला बसून राहिले. उठून जावं तर सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं, म्हणून बसले. बसल्यामुळं ऐकावं लागलं. पहिली दहा मिनिटं त्यांनी रागानं ऐकलं, पुढची दहा नुसतंच. मग एकदा वच्छलाबाई पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली.

"त्या नदीचं पाणी," ते हळूच म्हणाले, "कसं आसतं?"

वच्छलाबाईंनी वळून बघितलं. चेष्टा करतात का, हे आधी त्यांच्या चेहऱ्यावर तपासलं.

"मोठ्या नदीचं गढूळ," त्या म्हणाल्या. "पण जंगलातले वढे काळे आसत्यात. कोऱ्या च्यावानी. झाडपाला कुजून रंग उतरतो. आत हात घातला तर हात तांबडा दिसतो."

"वास येतो?"

"नाय. मी पिऊन बघितलं."

"पिली?" तात्यासाहेब दचकले. "आन् काय झालं आसतं म्हंजी?"

"काय व्हायचंय," वच्छलाबाई म्हणाल्या आणि माइक परत तोंडाजवळ धरला, कारण साळूबाईंचा हात पुन्हा वर झाला होता.